विनोदी एकांकिका आणि प्रहसन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणेशोत्सवात, कॉलेजच्या गॅदरिंगला, ऑफिसच्या वार्षिक कार्यक्रमात किंवा एकांकिका स्पर्धेत दहा ते चाळीस मिनिटांचं विनोदी नाटक बसवणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रहसन, एकांकिका, नाटिका, स्किट यांत नेमका फरक काय?

बोलताना हे चारही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात आणि त्यावाचून कुणाचं अडत नाही. बसवताना मात्र फरक माहीत असलेला बरा. स्किट हा ५ ते १० मिनिटांत उरकणारा एकच प्रसंग. प्रहसनात एक पंचाईत असते आणि ती वाढत वाढत हाताबाहेर जाते. माणसं मात्र सुरुवातीला जशी होती तशीच शेवटी असतात, चिक्कू तो चिक्कूच. एकांकिकेत हसू कितीही असलं तरी शेवटाला कुणाचं तरी कुणाशी असलेलं नातं थोडं सरकलेलं असतं. नाटिका हा शब्द आता बहुतेक शाळांच्या आणि बालनाट्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत उरलाय.

नाट्यछटा वेगळी. तिथे रंगमंचावर एकच माणूस असतो, तो न दिसणाऱ्या दुसऱ्या माणसाशी बोलतो आणि बोलता बोलता स्वतःच उघडा पडतो. नाट्यछटाकार दिवाकरांनी १९११ पासून हा प्रकार मराठीत रुजवला. ज्यांच्याकडे एकच बरा नट आहे त्यांनी स्किटच्या मागे न लागता नाट्यछटा करावी.

छोटं विनोदी नाटक लोकांना इतकं का आवडतं?

मुख्य कारण असं की प्रेक्षकाला पात्रांपेक्षा जास्त माहीत असतं. पलंगाखाली कोण लपलंय हे सगळ्या सभागृहाला ठाऊक, ठाऊक नाही ते फक्त पलंगावर बसलेल्याला. हे शहाणपण तीन अंक पुरत नाही, पण वीस मिनिटं प्रेक्षकाला राजासारखं बसवतं.

दुसरं, ते लगेच सुरू होतं. मोठ्या नाटकात घरदार, नाती, जुनी भांडणं यांची ओळख होईपर्यंत अर्धा तास जातो. छोट्या नाटकाला तेवढी उसंत नसते. पडदा उघडतो तेव्हा पंचाईत दारात उभी असते.

आपल्याकडे ही चव जुनी आहे. तमाशात गण-गवळणीनंतर आणि वगाच्या (मुख्य नाट्याच्या) आधी बतावणी, म्हणजे विनोदी संवादांचा भाग, येतो. दशावतारात मुख्य आख्यानाआधी संकासुर येऊन लोकांना हसवून घेतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीला पौराणिक नाटक उभं केलं. पुढे त्याच शतकात नाटक मंडळ्या पौराणिक खेळाला जोडून फार्स करू लागल्या आणि रंगमंचावर देव-राक्षसांच्या जोडीला रोजच्या व्यवहारातली माणसं आली. मोठ्या खेळाच्या कडेला छोटा खेळ आणि त्यात आपल्यासारखंच कुणीतरी, ही मांडणी आजच्या सोसायटीच्या कार्यक्रमातही तशीच दिसते. आरती, बक्षीस समारंभ, मग नाटक.

करणाऱ्यांना ते आवडतं ते झटपट निकालामुळे. गंभीर नाटक रुचलं की नाही हे प्रयोगानंतर चहाच्या टेबलावर कळतं, तेही लोक खरं बोलले तर. विनोदी नाटकात हशाची जागा नेमकी घेतलीत आणि हशा आला की आला. नाही आला तर तेही त्याच सेकंदाला कळतं.

किती मिनिटांचं करावं? किती पानं लिहावी?

सोसायटीच्या मंचावर १२ ते १८ मिनिटं. त्यापुढे लहान मुलं उठतात, त्यांच्या मागे आया उठतात आणि खुर्च्यांच्या आवाजात वाक्यं बुडतात. स्पर्धेला आयोजकांची वेळमर्यादा असते. नेपथ्य लावायला आणि काढायला दिलेला वेळ त्यात धरलाय की वेगळा, हे नियमांत आधी वाचा. इथे फसणारे दरवर्षी असतात.

विनोदी लयीत मराठी संवाद मिनिटाला साधारण १३० ते १५० शब्दांच्या वेगाने जातो. हशा, हालचाली आणि शांतता यांचे दोन-तीन मिनिटं वजा केले तर १५ मिनिटांना १,६०० ते १,८०० शब्दांची संहिता पुरते. तालमीत १५ मिनिटांत बसलेलं नाटक प्रयोगाला १७ होतं, कारण तालमीत हसायला कुणी नसतं. ही दोन मिनिटं आधीच कापून ठेवा.

विषय कसा शोधायचा?

विषय शोधू नका, अडचण शोधा. ‘मोबाईलचं वेड’ हा निबंधाचा विषय झाला, त्यावर नाटक लिहायला घेतलं की पात्रं भाषणं करायला लागतात. अडचण अशी हवी की एका वाक्यात सांगता यावी, तिला घड्याळ लावता यावं आणि पात्रांना तिथून निघून जाता येऊ नये.

उदाहरणार्थ, जुन्या इमारतीचा अरुंद जिना. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये एक लोखंडी कपाट अडकलंय. वर नवरदेव, खाली अंगणात नवरी आणि भटजी. मुहूर्ताला २० मिनिटं आहेत.

इथे अडचण एकच, घड्याळ चालू आणि नवरदेवाला दुसरा रस्ता नाही. आता ती वाढवायची. आधी वरचे आणि खालचे एकाच वेळी ढकलतात, त्यामुळे कपाट आणखी घट्ट बसतं. मग कपाटातून शिंक ऐकू येते. नवरदेवाच्या होणाऱ्या सासूबाई दागिने बघायला आत शिरल्या होत्या आणि दार बाहेरून लागलं. मग कळतं की किल्ली नवरदेवाच्या दुसऱ्या शेरवानीत आहे आणि ती शेरवानी खाली गाडीत. प्रत्येक वळणाने आधीची अडचण सुटत नाही, वर आणखी एक बसते. शेवटी भटजी घड्याळ बघतात, कपाटालाच अंतरपाट मानतात आणि मंगलाष्टकं सुरू करतात.

यात एकही चुटकुला नाही. सगळे हशे परिस्थितीतून येतात. चुटकुल्यांची माळ लावलेल्या संहितेत सहा मिनिटांनंतर प्रेक्षक दमतो, कारण प्रत्येक विनोदाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते.

वाक्य विनोदी आहे, तरी हशा येत नाही. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा पंचमध्ये, म्हणजे हसवणाऱ्या नेमक्या शब्दात, काही चुकलेलं नसतं. त्याच्या आधीचं वाक्य कुणाला ऐकूच गेलेलं नसतं. पंच ज्या माहितीवर उभा आहे, ती आधी नीट पोचली पाहिजे. नट नेमकी तीच वाक्यं घाईत टाकतात, कारण त्यांचं लक्ष पुढच्या टाळीकडे असतं. तालीम मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि नाटक माहीत नसलेल्या माणसाला फक्त ऐकवा. तो ‘काय म्हणाला?’ असं जिथे विचारेल तिथे दुरुस्ती हवी.

दुसरी चूक शब्दक्रमाची. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे हसवणारा शब्द मध्येच कुठेतरी अडकतो. ‘कपाटात तुमच्या सासूबाई बसल्या आहेत’ या वाक्यात सासूबाई येऊन गेल्या तरी दोन शब्द उरतात आणि त्या दोन शब्दांत हशा विरतो. तेच असं बोला: ‘कपाट रिकामं नाहीये. आत कुणीतरी बसलंय. (पॉझ) सासूबाई.’ बोलीत क्रियापदानंतर शब्द टाकायची मोकळीक मराठीत भरपूर आहे. ती घ्या.

तिसरी चूक हालचालीची. पंच पडताना दुसरा नट पदर सावरतो, पाणी पितो किंवा विंगेकडे बघतो. प्रेक्षकांचे डोळे तिकडे जातात आणि हशा खाल्ला जातो. नियम सोपा आहे: पंचच्या शब्दावर बोलणाऱ्याशिवाय कुणीही हलायचं नाही.

आणि चौथी, नट स्वतः विनोदी होऊ बघतो. चिरका आवाज, वेडीवाकडी तोंडं, गरज नसताना लंगडणं. नवरदेवाला मुहूर्त चुकण्याची खरोखर धास्ती वाटली पाहिजे. तो जितका कासावीस, तितके लोक हसतात. त्यालाच गंमत वाटत असेल तर आपण कशाला हसायचं?

हशा आल्यावर किती थांबायचं?

सेकंद मोजून हे जमत नाही, कानाने करावं लागतं. हशा चढतो, शिगेला पोचतो, मग उतरू लागतो. उतरताना साधारण एक तृतीयांश उरला की पुढचं वाक्य उचला, आवाज किंचित वर ठेवून. पूर्ण शांतता होईपर्यंत थांबलात तर लय मोडते आणि पुढचा विनोद थंड जमिनीवरून उठवावा लागतो. शिगेवरच बोललात तर वाक्य कुणालाच ऐकू जात नाही.

पहिल्या दोन हशांना मात्र पुरेसा वेळ द्या. इथे मोकळं हसायचं असतं, हे प्रेक्षक तिथे ठरवतात. त्यावरच वाक्यं रेटलीत तर पुढचं ऐकू यावं म्हणून ते हसू दाबायला शिकतात आणि उरलेलं नाटक शिस्तीत, गप्प बसून बघतात.

थांबताना पुतळा व्हायचं नाही. पात्राचं काम चालू ठेवायचं: कपाटावरचा हात काढायचा, घाम पुसायचा, खाली वाकून किल्लीच्या भोकातून बघायचं. हे काम तालमीतच ठरवलेलं हवं, आणि हशा आलाच नाही तर ते गाळून सरळ पुढच्या वाक्यावर जाता यायला हवं. अपेक्षित जागी शांतता मिळाली की हौशी नट तेच वाक्य आणखी मोठ्याने म्हणतो. तसं करू नका. लोकांना ते ऐकू आलं होतं.

पात्रं किती असावीत?

चार ते सहा. दोघांत कुरघोडी होते, पण गैरसमजाला तिसरा लागतो. सातच्या वर गेलात की निम्मे नट वाक्य नसताना काय करायचं या विवंचनेत उभे राहतात. सोसायटीत सगळ्यांना घ्यावंच लागतं, तेव्हा उरलेल्यांचा एक घोळका करा: वऱ्हाडी, शेजारी, रांगेतली माणसं. घोळक्याला एकच वाक्य द्या आणि ते तीनदा येऊ द्या, तिसऱ्यांदा बदलून.

तालमी किती दिवस आणि कोणत्या क्रमाने?

वीस मिनिटांच्या नाटकाला रोज दोन तास धरून १५ ते १८ दिवस. त्याहून कमी दिवसांत पाठांतर होतं, टायमिंग होत नाही.

पहिले दोन दिवस बसून वाचन. इथेच संहिता कापा. साधारण दहावा हिस्सा निघतोच आणि त्याचं लेखक सोडून कुणालाही वाईट वाटत नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी हालचाली: दार कुठे, कोण कुठून येतो, कपाटाच्या कुठल्या बाजूला कोण. सातव्या दिवसापासून कागद हातात नको. विनोदी संवादात शब्द जसाच्या तसा यावा लागतो, ‘साधारण तसंच काहीतरी’ बोलून चालत नाही, कारण पुढच्याचं वाक्य त्याच शब्दाला लटकलेलं असतं. दहाव्या दिवसानंतर खरी प्रॉपर्टी, म्हणजे नाटकात हाताळायच्या वस्तू, वापरायला घ्या. पिशवीची चेन अडकणं, छत्री न उघडणं ही संकटं प्रयोगाच्या रात्रीसाठी राखून ठेवायची नसतात.

तेराव्या-चौदाव्या दिवशी नट कंटाळतात. त्यांना नाटक विनोदी वाटेनासं होतं आणि मग ते वाक्यं बदलायला लागतात. हे प्रत्येक गटात होतं. दिग्दर्शकाने तेव्हा ठाम राहायचं आणि बाहेरची चार-पाच माणसं तालमीला आणून बसवायची. त्यांच्या पहिल्या हशाबरोबर नट ताळ्यावर येतात. शेवटचे दोन दिवस रंगीत तालीम, कपडे आणि संगीतासह, मध्ये न थांबता.

नेपथ्य, प्रकाश, माइक यांचं काय?

प्रकाश भरपूर आणि सपाट ठेवा. चेहरा दिसला नाही तर हसू येत नाही. निळे-लाल दिवे आणि धूर दुसऱ्या कार्यक्रमाला ठेवून द्या. नेपथ्यात ज्याच्याशी नाटक झगडतं तेवढी एकच वस्तू खरी वाटली पाहिजे. बाकी दोन खुर्च्या आणि एक स्टूल पुरे.

ते कपाट खरं लोखंडी आणू नका. एक बाय दोन इंचाच्या लाकडी पट्ट्यांची सहा फुटी चौकट करा, तिला पुठ्ठा किंवा पातळ प्लाय लावा, वर राखाडी रंग द्या. मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा, म्हणजे सासूबाईंना हवा मिळेल आणि अडलं तर मागून वाक्य सांगता येईल. वजन नटांनी दाखवायचं: उचलण्याआधी गुडघे वाकवणं, पकड बदलणं, खाली ठेवल्यावर बोटं चोळणं. एकाने जरी ते एका हाताने सरकवलं तरी खेळ संपला. दार वापरणार असाल तर चौकटीला मागून आधार आणि पायाशी वजन हवंच. प्रहसनात दारं आपटतात, आणि हलणारी भिंत बघून येणारा हशा तुमच्या संहितेचा नसतो.

माइक हा सोसायटीच्या नाटकाचा खरा खलनायक. हातात धरायचा माइक फिरवत बोललात की संवादांतला झगडा गेला. मंचाच्या कडेला जमिनीलगत दोन-तीन माइक ठेवा आणि महत्त्वाची वाक्यं त्यांच्या चार-पाच फुटांच्या आत येतील अशा हालचाली बसवा. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून. मागे ठेवलात तर शिट्टी वाजणारच. मांडववाल्याला संध्याकाळी पाचला बोलवून एकदा सगळ्यांचे आवाज तपासून घ्या.

टीव्हीवर गाजलेलं स्किट जसंच्या तसं केलं तर?

पडतं. टीव्हीवर क्लोजअप असतो, त्यामुळे भुवई उडवल्यावर हशा येतो. तुमच्या विसाव्या रांगेला भुवई दिसत नाही. शिवाय तिथलं अर्धं हसू त्या नटाच्या ओळखीवर असतं. लोकांनी आधीच पाहिलेलं असतं हे वेगळंच, आणि ते लेखकाच्या परवानगीचं लचांड आहेच.

नट प्रयोगात स्वतःची वाक्यं घालतात. चालतं का?

मराठी रंगभूमीवर याला ‘अ‍ॅडिशन’ म्हणतात आणि तिच्यावर पोसलेले मोठे नट झालेत. पण ते शंभर-दोनशे प्रयोग करून प्रेक्षकांची नाडी ओळखणारे होते. तुमचा प्रयोग एकच आहे. समोरच्या नटाला न सांगता घातलेल्या वाक्याने एक हशा मिळतो आणि पुढचे तीन बुडतात, कारण समोरचा गोंधळतो किंवा त्याला हसू फुटतं. लाइट गेले, मांजर मंचावर आलं, कुणी वाक्य विसरलं, तर मात्र जरूर बोला. घडलेलं अख्ख्या सभागृहाने पाहिलंय, ते न पाहिल्यासारखं करणं हास्यास्पद दिसतं.

कशावर विनोद करू नये?

कायद्याचं सोडा, साधा व्यवहार बघा. जाडेपणा, काळा रंग, तोतरेपणा, जात यांवरचा विनोद सभागृहात बसलेल्या एखाद्या माणसावर जाऊन पडतो आणि त्याच्या आजूबाजूच्या दहा जणांचं हसू तिथेच थांबतं. साडी नेसलेला पुरुष एवढ्यावर आता हशा येत नाही. आला तरी एंट्रीपुरता. गवळणीतली मावशी आजही हसवते ती तिच्या जिभेमुळे.

बोलीचा विनोद करायचा तर ती बोली येणारा नट घ्या. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी यांचं ‘साधारण असंच बोलतात’ छाप रूप त्या भागातल्या प्रेक्षकाला पहिल्या वाक्याला कळतं. आणि बोली बोलणारं पात्र नाटकातलं सगळ्यात हुशार पात्र असेल तर बघा, हशा दुप्पट येतो.

परवानगी आणि लेखकाचं मानधन?

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता शासनाच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. स्पर्धांचे आयोजक त्या प्रमाणपत्राबरोबर लेखकाचं परवानगीपत्रही मागतात. दोन्ही गोष्टी वेळ खातात, तालमी सुरू करतानाच कामाला लागा.

लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. नाटककार देवल १९१६ मध्ये गेले, गडकरी १९१९ मध्ये. त्यांचं लेखन आता खुलं आहे. रशियन लेखक चेकॉव्ह १९०४ मध्ये गेला, त्याची छोटी प्रहसनंही खुली आहेत. पण त्यांचा मराठी अनुवाद ज्याने केला त्याचा हक्क स्वतंत्र असतो, हे लोक विसरतात. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सूट आहे. सूट असली तरी लेखकाला फोन करा आणि मानधनाचं पाकीट द्या. मराठीत एकांकिका लिहून कुणी बंगले बांधलेले नाहीत.

स्पर्धेत विनोदी एकांकिका मागे पडते का?

‘गंभीर केली की बक्षीस मिळतं’ हा समज कॉलेजांमध्ये घट्ट आहे. १९६३ पासून पुण्यात होणारा पुरुषोत्तम करंडक असो किंवा चतुरंग संस्थेची २५ जानेवारीच्या रात्री रंगणारी सवाई एकांकिका स्पर्धा, परीक्षक लेखन, दिग्दर्शन आणि अभिनय बघतात. विनोदी एकांकिकेला कमी गुण पडतात ते बहुधा शेवटामुळे. पस्तीस मिनिटं हसवून शेवटची पाच मिनिटं अचानक रडकी करायची, एक लांबलचक स्वगत, निळा स्पॉट आणि बासरी, हा प्रकार परीक्षकांनी इतक्यांदा पाहिलाय की बासरी वाजताच पेन खाली ठेवलं जातं. गंभीर वळण हवंच असेल तर त्याची चाहूल दहाव्या मिनिटाला, हसण्याच्या ओघातच पेरून ठेवा.

मग शेवट कसा करावा?

सगळ्यात मोठ्या हशावर दिवे घालवा. भटजी कपाटासमोर उभे राहून ‘शुभमंगल’ म्हणतात आणि कपाटाच्या आतून ‘सावधान!’ येतं. तिथेच ब्लॅकआउट. त्यानंतर सासूबाई बाहेर आल्या का, लग्न लागलं का, कुणी कुणाची माफी मागितली का, हे कुणालाही बघायचं नसतं. दिवे घालवणाऱ्याला तो शब्द पाठ हवा. अर्धा सेकंद उशीर झाला तरी नट प्रेक्षकांकडे बघून हसतात आणि सगळं सैल पडतं.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळात करताना काही बदल?

तिथे सभागृहात जन्माने मराठी पण कानाने अर्धवट मराठी अशी मुलं असतात. म्हणींवर आणि श्लेषावर उभा असलेला विनोद त्यांच्या डोक्यावरून जातो, अडकलेलं कपाट मात्र सगळ्यांना कळतं. म्हणून हालचालींतला विनोद वाढवा. तालमी शनिवार-रविवारीच होतात, तेव्हा पंधरा दिवसांचं गणित सात-आठ आठवड्यांवर न्या. मधल्या वारी व्हिडिओ कॉलवर फक्त पाठांतर करा. कॉलवर टायमिंग बसवायला जाऊ नका, आवाज अडखळत येतो आणि पॉझ चुकीचा बसतो.

कार्यक्रमात नाटक कितवं ठेवावं?

जेवणाआधी, पण अगदी शेवटी नको. जेवणाचा वास आला की प्रेक्षक गेले. नाचाच्या लगेच नंतरही नको, कानात डीजे घुमत असतो. छोट्या मुलांच्या गाण्यानंतर, बक्षीस समारंभाच्या आधी ही जागा सर्वांत चांगली: पालक आलेले असतात आणि बक्षीस घ्यायचं असल्याने कुणी उठत नाही. ७०० खुर्च्यांच्या हॉलमध्ये ८० माणसं येणार असतील तर मागच्या रांगा दोरी लावून बंद करा आणि सगळ्यांना पुढे, खांद्याला खांदा लावून बसवा. हे काम दोन दणकट कार्यकर्त्यांकडे द्या, निवेदकाच्या विनंतीने कुणी पुढे येत नाही.